पाटीमागची पाच मिनिटं

सभासद क्रमांक एकतीस. पुरुष. वय वर्षे एकसष्ट. बांधा किरकोळ, चष्मा आहे. धंदा: तराजू, वजने व काटे यांची दुरुस्ती आणि जुळवणी. स्वभाव: नम्र (खात्री करून घेतली आहे). सामुदायिक प्रार्थनेत उघड सहभाग: नाही. न घेण्याचे कारण: शास्त्राधार. सदर कारण समितीने सव्वीस वर्षांपूर्वी विचारात घेऊन मान्य केले असून त्यावर पुन्हा चर्चा करू नये.

ही नोंद प्रार्थनागृहाच्या सभासद-वहीतली. लिहिली चिटणीसांनी. चिटणीस उभा जन्म सरकारी कचेरीत होते. निवृत्त होताना कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी कचेरीची भाषा न विचारता उचलून आणली. कंसातल्या खात्रीबद्दल सांगायचं तर ती साधीच होती. चिटणीसांनी विचारलं, "नम्र असं लिहू का?" एकतीस क्रमांक म्हणाले, "नको." झाली खात्री.

एकतीस क्रमांकाला गल्लीत सगळे काटेमास्तर म्हणत. त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण दुकानात आलेल्या प्रत्येक तराजूशी ते इतक्या संयमाने बोलत की मास्तर हे नाव आपोआप चिकटलं. किराणावाले, सोनार, रद्दीवाले, औषधवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येत. वजन हलकं भरलं की त्याच्या बुडाच्या भोकात शिसं ओतायचं, जड भरलं की थोडं खरवडायचं, दांडी ज्या धारेवर डुलते ती बोथट झाली की दगडावर फिरवायची. हे काम वडिलांचं, आणि वडिलांनी ते दोन्ही मुलांना शिकवलं होतं. थोरल्या मुलीला आधी. तिचा हात मास्तरांपेक्षा बरा होता. हे मास्तर कुणीही न विचारता सांगत.

प्रार्थनागृहाची रीत अशी, की दर रविवारी वहीतल्या क्रमाने एका सभासदाने पुढे यायचं आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करायची. सभासद पन्नास-बावन्न. म्हणजे वर्षातून एकदा ज्याचा त्याचा नंबर. मास्तरांचा नंबर आला की मास्तर पुढे जात, मान खाली घालत, एक मिनिट गप्प उभे राहत आणि जागेवर येऊन बसत.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं लोक खोकले. मग लोकांना सवय झाली. मग गोडी लागली. इतर सभासद आपल्या मिनिटात पाऊसपाण्यापासून जगाच्या शांततेपर्यंत सगळं कोंबत, त्यामानाने हे मिनिट फारच सुटसुटीत वाटे. पुढे पुढे तर एकतीस क्रमांकाच्या रविवारी गर्दी होऊ लागली. लोक पाहुण्यांना घेऊन येत. "काय बोलतो हा माणूस," असं एक आजीबाई दर वर्षी डोळे पुसत म्हणत. एकदा उपदेशकांनी नम्रतेवर प्रवचन केलं, नाव कुणाचंच घेतलं नाही, पण पाऊण तास बघत होते मास्तरांकडेच. मास्तरांचे कान तापले. त्यांना प्रवचनाचा राग आला नाही. आपल्याला ते आवडलं, याची धास्ती वाटली.

ही धास्ती जुनी होती. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तरांनी याच जागी उभं राहून मोठ्याने प्रार्थना केली होती आणि ती फार सुरेख झाली होती. लोक नंतर हात हातात घेऊन म्हणाले, वा. घरी जाताना मास्तरांच्या लक्षात आलं की आपण आपलीच वाक्यं पुन्हा पुन्हा घोळवतोय. विशेषतः 'तुझ्या तराजूत आमची राख' हे एक वाक्य त्यांना फार जमल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या चौकात त्यांनी पुढच्या वर्षाचा रविवार मोजला. तिसऱ्या चौकात ते थांबले. प्रार्थना कुणाशी केली, हे त्यांना काही केल्या आठवेना. कुणी कुणी ऐकली ते मात्र रांगेनुसार आठवत होतं.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी शास्त्र उघडलं तर समोर तोच उतारा: प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे, जो गुप्तपणे पाहतो त्याच्याशी बोल. मास्तरांनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

ही खोली म्हणजे दुकानामागची कोठडी. तीत वजनांची कपाटं, एक बाक आणि शिशाचा वास. रोज दुपारी बारा वाजता मास्तर आत जात आणि बाहेरच्या दारावर पाटी लावत: 'वजनांची तपासणी चालू. पाच मिनिटे.' पाटी लावायचं कारण उघड होतं. आपण प्रार्थना करतो हे कुणाला कळू नये. पाटीवरचा मजकूर खोटा पडू नये म्हणून ते आत गेल्यावर आधी एक वजन काट्यावर ठेवून बघत, आणि मगच डोळे मिटत.

कोठडीत एक वहीही होती. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ, आणि रेघेच्या दोन बाजूंना शास्त्रातले दोन उतारे, एकमेकांशी न जुळणारे. डावीकडे: मागण्याआधीच तुम्हाला काय हवं ते त्याला ठाऊक असतं. उजवीकडे: मागत राहा, ठोठावत राहा, न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाचं डोकं खाणाऱ्या गोष्टीतल्या विधवेसारखं. डावीकडे: फार बडबड करू नका. उजवीकडे: थांबू नका, अखंड करा. आणि पहिल्याच पानावर, सगळ्यात जुनी शाई: डावीकडे, दार लावून घे. उजवीकडे, दिवा लावून कुणी तो टोपलीखाली ठेवतं का, तुमचा उजेड लोकांना दिसू द्या. मास्तर अशा जोड्यांनी चिडत नसत. दोन वजनं जुळत नाहीत म्हणून त्यांनी कधी एक वजन फेकून दिलं नव्हतं. ते फक्त लिहून ठेवत आणि वाट पाहत. अकरा जोड्या झाल्या होत्या.

समोरच्या दुकानातल्या शिंप्याला या वहीची कुणकुण होती. तो एकदा टीप मारता मारता म्हणाला, "मास्तर, शास्त्रात त्या जुन्या पुढाऱ्याबद्दल लिहिलंय ना, की पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याइतका नम्र माणूस दुसरा नव्हता?"

"लिहिलंय."

"आणि ते लिहिलं कुणी? जुनी माणसं म्हणतात, त्यानेच."

"ती जोडी सातव्या पानावर आहे," मास्तर म्हणाले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, वय अडुसष्ट. एका औषधाच्या दुकानात तिने पस्तीस वर्षं पुड्या बांधल्या, त्याही भावाने जुळवून दिलेल्या काट्यावर. दर सहा महिन्यांनी ती तो काटा स्वतः तपासून बघे आणि भावाला चुका सांगे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लहानपणी, नऊ वर्षांची असताना, तापात तिचा उजवा कान पार गेला आणि डावा अर्धा राहिला. मास्तर तेव्हा दोन वर्षांचे. ते धड चालायला शिकले तेच मुळी तिच्या डाव्या बाजूने. पुढे साठ वर्षं रस्त्यात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ते कायम तिच्या डावीकडे. आता डाव्या कानात यंत्र होतं आणि त्यावर तिचं बरं भागत होतं. नको ते ऐकू यायला लागलं की ती यंत्र काढून रुमालात ठेवी.

गाठ साधी आहे की वाईट, ते पोट उघडल्यावरच कळणार होतं. ऑपरेशन बुधवारी सकाळी साडेआठला. मंगळवारी चार वाजता मास्तर भेटायला गेले तेव्हा ताई खाटेवर मांडी घालून बसली होती आणि दवाखान्याच्या काट्याला नावं ठेवत होती.

"दोन किलो कमी दाखवतो," ती म्हणाली. "नर्सला म्हटलं, माझा भाऊ आला की बघेल. ती म्हणाली, आजी, तुम्ही बारीक झालाय. मी म्हटलं, अगं मी नाही, तुमचा काटा."

"बघतो जाताना."

"बस इकडे." तिने डाव्या बाजूचं स्टूल दाखवलं. मास्तर आधीच तिथे बसले होते. ताई थोडा वेळ चादरीची घडी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "धाकट्या, एक काम आहे."

"सांग ना."

"उद्या आत नेण्याआधी माझ्यापाशी उभा राहून प्रार्थना कर."

"मी रोजच करतोय ताई. गाठ कळली त्या दिवसापासून पाचाची दहा मिनिटं केलीत."

"ती नाही. मोठ्याने. मला ऐकू येईल अशी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताईला हे चष्मा पुसणं चांगलं ओळखीचं होतं. तिने यंत्राचा आवाज वाढवला, म्हणजे वाद सुरू होणार हे तिने धरलं होतं.

"तुला माहीत आहे," मास्तर हळू म्हणाले, "मी का करत नाही ते."

"माहीत आहे. दार लावून घे."

"शास्त्रात आहे ते."

"टोपलीखाली दिवा ठेवू नका, तेही आहे."

"पहिल्या पानावर आहे. दोन्ही समोरासमोर लिहिलीत. सव्वीस वर्षं बघतोय, जुळत नाहीत."

"आणि बाबांनी काय शिकवलं होतं?" ताईचा आवाज पुड्या बांधतानाचा झाला. "दोन वजनं ठेवली आणि दांडी कलली, तर काय करायचं?"

मास्तरांनी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं. "पारडी बदलून बघायची. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. कल वजनाबरोबर गेला, तर वजन खोटं."

"आणि वजनं बदलूनही दांडी त्याच बाजूला कलली तर?"

"तर काटा खोटा."

"मग बदललंस का कधी? सव्वीस वर्षं एकच वजन एकाच बाजूला ठेवून बसलायस. स्वतःच्या पारड्यात दार, दुसऱ्यांच्या पारड्यात दिवा. जरा उलटं करून बघ."

"ताई, मी लाजरा नाही," मास्तर म्हणाले. हे ते आजवर कुणालाही बोलले नव्हते. "लोकांना वाटतं मी लाजरा आहे. मी मिरवणारा आहे. मला माझाच आवाज आवडतो. म्हणून दार लावलं."

"ठाऊक आहे मला. तू सहा वर्षांचा होतास तेव्हा आरशासमोर भाषण करायचास. तेव्हा तू बोलण्यात मिरवत होतास, म्हणून गप्प बसलास ते बरंच केलंस. पण आता तू गप्प बसण्यात मिरवतोस. तुझं एक मिनिट ऐकायला लोक पाहुणे घेऊन येतात."

मास्तरांनी स्टूल थोडं मागे सरकवलं. "ते लोकांचं आहे. माझी खरी प्रार्थना कोठडीत. ती कुणालाही ठाऊक नाही."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. सांगावं की नको, हे तिच्या चेहऱ्यावर एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे गेलं. शेवटी तिने सांगितलं.

"धाकट्या, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. गिऱ्हाईक आलं की शिंपी सांगतो, थांबा, पाटी लागलीय, मास्तर प्रार्थनेला बसलेत. चष्मेवाला तुझ्या पाटीवर जेवायला उठतो. माझ्या दुकानातल्या पोरी मला विचारायच्या, आजी, तुमचे भाऊ आज साडेबाराला बसले, बरं नाही का त्यांना."

सव्वीस वर्षं रोज एक वजन काट्यावर ठेवून खोटेपणा टाळला होता, तो कुणासाठी टाळला, असं काहीतरी मास्तरांच्या मनात आलं आणि गेलं. पलीकडच्या खाटेवरची बाई संत्रं सोलायची थांबून इकडे बघत होती, कारण ताई बहिऱ्या माणसांच्या आवाजात बोलत होती आणि घराण्याची ही सगळी गोष्ट वॉर्डभर ऐकू जात होती.

"आता माझं ऐक," ताईचा आवाज खाली आला. "तू दार लावून बोललास तर देवाला कळेल, हे मला मान्य आहे. पण मला कसं कळणार? उद्या मी एकटी आत जाणार आहे. मला भीती वाटते रे."

ताईने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने भावाला फक्त डबा नीट झाकून आण एवढंच सांगितलं होतं. मास्तर उठले, "बघतो," म्हणाले आणि गेले. जाताना त्यांनी दवाखान्याचा काटा बघितला. तो खरोखरच दोन किलो कमी दाखवत होता. त्यांनी खालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. वॉर्डात त्या दिवशी सगळ्यांचीच वजनं दोन-दोन किलोंनी वाढली आणि डॉक्टरांनी समाधान व्यक्त केलं.

दुकानात पोचल्यावर ते आधी समोरच्या शिंप्याकडे गेले.

"माझ्या पाटीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "मास्तर, वजनं तपासायला कुणी चपला बाहेर काढतं का?"

घरी त्यांनी बायकोलाही विचारलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "देवाशी मनात बोलता त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "चौतीस वर्षं माझ्याशीही मनातच बोलताय, त्याचं काय ते बघा. आणि ताईंना नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच जाऊन म्हणा. मी निरोप नेणार नाही."

संध्याकाळी मास्तरांनी कागद घेतला. मोठ्याने करायची तर निदान तयारी असावी. पहिल्या मसुद्यात जीवनाची नौका आली. ती त्यांनी खोडली. दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य इतकं झकास उतरलं की ते त्यांनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला लागले आणि कागद फाडून टाकला. तिसरा मसुदा त्यांनी मुद्दाम वाईट लिहिला. पण तो मुद्दाम वाईट लिहिल्याचं कौतुक वाटायला लागलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. शेवटी चौथ्या कागदावर चार ओळी उतरल्या, त्या त्यांनी खिशात घातल्या. करायची की नाही, हे मात्र अजून ठरलं नव्हतं. खिशात कागद आहे म्हणजे करायलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

सकाळी आठला ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या लांबलचक मार्गिकेत ताईचं स्ट्रेचर आणून भिंतीला टेकवून उभं केलं. तिच्याआधी एक नंबर होता. मार्गिकेत नातेवाइकांची रांग, पिशव्या, थर्मास, एक प्लास्टर घातलेला पाय, आणि आत-बाहेर करणाऱ्या नर्स. याहून उघडी जागा अख्ख्या शहरात शोधून सापडली नसती. नर्सने ताईच्या कानातलं यंत्र काढून छोट्या डबीत घातलं आणि डबी मास्तरांच्या हातात दिली. "सांभाळा. आणि बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या, दोन-तीन मिनिटांत नेतो."

ताई हिरव्या चादरीत लहान दिसत होती. यंत्र काढल्यावर तिचा चेहरा नेहमी दूरगावी गेल्यासारखा होई, तसा झाला होता. चादरीबाहेर आलेला हात स्ट्रेचरच्या दांडीला धरून होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मास्तरांनी तो हात बघितला. वही, रेघ, डावी बाजू, उजवी बाजू, यातलं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते मोकळ्या बाजूने पुढे झाले, वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजले.

"मोठ्याने," ताई म्हणाली. हे तिने स्वतः इतकं मोठ्याने म्हटलं की पाच-सहा माणसं वळली.

मास्तरांनी आवाज चढवला. कागद खिशात आहे हे ते साफ विसरले होते.

"मोठ्याने रे."

मग मास्तरांनी जो आवाज काढला तो त्यांनाही नवीन होता. त्यात राख नव्हती आणि नौका नव्हती. ही माझी ताई आहे, त्यांनी सांगितलं, जणू समोरच्याला ओळख करून द्यायची राहिली होती. हिने मला चालायला शिकवलं. बाबांच्या दुकानात माझ्या चुका हिने आपल्या अंगावर घेतल्या. तुला सगळं आधीच ठाऊक असतं म्हणतात, तरी मी सांगतो, कारण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिला परत दे. गाठ साधी असू दे. नसली तरी हिला परत दे. डॉक्टरांचे हात स्थिर ठेव. हिला आत एकटं वाटू देऊ नको. मला फार भीती वाटते. हिलाही वाटते, पण ती सांगणार नाही. मग सांगायचं संपलं आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ताईने तिसऱ्यांदा 'मोठ्याने' म्हटलं नाही. ती भावाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. त्यांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून तिच्या चादरीवर पडत होतं. तिने दांडीवरचा हात सोडला आणि त्यांचा चष्मा नीट वर सरकवला. मग ती हसली आणि मान हलवली.

प्लास्टरवाला पाय खाली घेऊन त्याचा मालक सावरून बसला होता. स्ट्रेचर ढकलणारा माणूस टोपी काढून उभा होता. ताईनंतरच्या नंबरच्या शेजारची एक बाई पदराशी चाळा करत पुढे आली.

"दादा, आमच्या ह्यांच्यासाठी पण दोन शब्द बोला ना. हर्निया आहे."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. असा प्रसंग वहीच्या अकराही पानांवर नव्हता. "नाव काय?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं आणि मास्तरांनी हर्नियासाठी प्रार्थना केली, त्याच आवाजात, कारण आवाज खाली कसा आणायचा ते त्या घटकेला त्यांना आठवत नव्हतं. त्यानंतर प्लास्टरवाल्यानेही बोट वर केलं.

ताईला आत नेलं. मास्तर यंत्राची डबी दोन्ही हातांत धरून तीन तास बाकावर बसून राहिले. साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. गाठ साधी होती. मुठीएवढी. मास्तरांनी विचारलं, वजन किती भरलं, आणि डॉक्टर म्हणाले, ते बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच्या कानात यंत्र गेलं, अंगात थोडा जीव आला. मास्तर डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले होते. बराच वेळ त्यांनी दवाखान्याच्या डाळीबद्दल, बिलाबद्दल आणि नर्सबद्दल बोलून घेतलं. मग विचारलं, "काल ऐकू आलं ना?"

"आलं की."

"सगळं?"

"सगळं. छान बोललास." ताईने उशी सरकवली. "जरा लांबवलंस मात्र. समोर घड्याळ होतं. चार मिनिटं."

मास्तर घरी चालत गेले. जुन्या सवयीने त्यांनी पहिल्या चौकात स्वतःला तपासलं: आपण वाक्यं घोळवतोय का. घोळवायला एकही वाक्य आठवत नव्हतं. दुसऱ्या चौकात आठवायचा प्रयत्न केला, तेव्हाही नाही. तिसऱ्या चौकात त्यांना आठवलं की आज चपलेचा अंगठा तुटलाय, आणि ते चांभाराकडे वळले.

पुढच्या सोमवारी त्यांनी दारावरची पाटी काढून टाकली. मंगळवारी चष्मेवाला दोन वाजेपर्यंत उपाशी राहिला. बुधवारी शिंपी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं देवाशी काय बिनसलं असेल ते असो, पाटी लावत जा. आमच्या गल्लीचं वेळापत्रक कोलमडलंय." पाटी परत लागली. मजकूर तोच. आत गेल्यावर मास्तर अजूनही आधी एक वजन तपासतात. चपला आता पायातच ठेवतात.

वहीच्या पहिल्या पानावर, रेघेखाली, त्यांनी सव्वीस वर्षांनी एक ओळ लिहिली: 'पारडी बदलून पाहिली. वजने दोन्ही खरी आहेत. काटा दुरुस्तीस घेतला आहे.' बाकी दहा जोड्या तशाच आहेत.

हर्नियावाले गृहस्थ चिटणीसांचे मेहुणे निघाले. त्यांच्या बायकोने, म्हणजे चिटणीसांच्या बहिणीने, मार्गिकेतली हकिगत भावाला तिखटमीठ न लावता सांगितली, कारण लावायला जागाच नव्हती. चिटणीसांनी दोन दिवस विचार केला, समितीची परवानगी घेतली आणि सभासद क्रमांक एकतीससमोर लाल शाईने पुढील दुरुस्ती केली:

उघड सहभाग: गेल्या सव्वीस वर्षांत एकदा. स्थळ: रुग्णालय, तळमजला. कालावधी: चार मिनिटे, हर्निया व अस्थिभंग वगळून. सदर सभासदाने संबंधित रुग्ण भगिनीच्या तोंडी विनंतीवरून, तिला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू जावा अशा बेताने, तिच्या कानाशी उभे राहून प्रार्थना केली. रुग्णाने ती संपूर्ण ऐकल्याचे मान्य केले आहे. उद्देश सफल. नोंद कायम करावी.

ताईला ऐकू येतं ते डाव्या कानाने. स्ट्रेचरवर तिची डावी बाजू भिंतीला टेकलेली होती.